'पुस्तकात पाहून सांगतो' म्हणालो आणि अडकलो

चोपड्याला माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. बीएस्सी अ‍ॅग्री केलंय म्हंजे पानावरचा डाग बघून रोग सांगता येतो, पण भाषाशास्त्र हा शब्द काही आयुष्यात कधी तोंडातून निघाला नव्हता आणि निघायचं कारणही नव्हतं. कारण घडलं दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात. चार दिवसांची झडी लागलेली, गिऱ्हाईक नाही, दुकानात आमचे एक नेहमीचे बाबा (सत्तरी ओलांडलेली, उधारी वेळेवर देतात म्हणून त्यांना प्लास्टिकची नाही, लोखंडी खुर्ची) आणि रावेरकडचा एक कंपनीचा माणूस असे दोघं चहा पीत बसलेले. तेवढ्यात कंपनीवाल्याचा फोन वाजला आणि त्याची रिंगटोन होती बहिणाबाईंचं 'मन वढाय वढाय'.

बाबा खूश. म्हणे, "हाई गानं आपली अहिराणीनं शे."

कंपनीवाला फोन कट करून म्हणतो, "नाई हो बाबा, हे आमच्याकडची बोली हाये. लेवा गणबोली."

"तू काय मास्तर शे का?"

झालं. पाऊण तास. बाबांचं म्हणणं अख्खा खान्देश अहिराणी बोलतो, मग बहिणाबाई काय वेगळ्या बोलतील का, आणि कंपनीवाल्याचं म्हणणं बहिणाबाईंचं माहेर आसोदा, सासर जळगाव, तिकडे कोण अहिराणी बोलतं सांगा. शेवटी दोघांनी माझ्याकडे बघितलं, कारण माझ्या मागे भिंतीवर डिग्रीची फ्रेम आहे. मी घरी अहिराणी बोलतो, बायको जामनेरकडची, तिची बोली तावडी, म्हंजे कुठल्याही एका बाजूने बोललो तर एक तरी जेवण बंद. म्हणून म्हटलं, पुस्तकात पाहून सांगतो. बाबा म्हणे बरं, हारी त्यानी भरीत पार्टी, हिवायामा.

हे 'पुस्तकात पाहून सांगतो' किती महागात पडलं ते पुढे.

पहिल्यांदा जळगावला माल भरायला गेलो तेव्हा एका पुस्तकाच्या दुकानात शिरलो आणि सरळ म्हटलं, भाषाशास्त्राचं एखादं पुस्तक द्या. पोरगं आत गेलं आणि स्पर्धा परीक्षेचं मराठी व्याकरण घेऊन आलं. मी म्हटलं हे नाही, भाषा कुठून आल्या, बोली म्हंजे काय, असलं काहीतरी. मग ते निबंधांचं पुस्तक घेऊन आलं. त्याची चूक नाही, रोज तेच खपतं. पण मी व्याकरणाचं घेऊनच आलो, रिकाम्या हाताने निघायला लाज वाटली म्हणून, आणि घरी उघडून पाहिलं तर त्यात समास, प्रयोग, अलंकार सगळं, पण बोलीबद्दल एक ओळ नाही. माझी पोरगी आठवीत, तिने ते उचललं, आता तिच्याकडेच आहे.

मग आमच्या गल्लीत मराठीचे एक रिटायर सर राहतात त्यांच्याकडे गेलो. सर म्हणाले, अरे भाषाशास्त्र म्हणतोस तर आधी कालेलकर वाच. ना. गो. कालेलकर. त्यांचं 'ध्वनिविचार' १९५५ चं, आणि 'भाषा: इतिहास आणि भूगोल' म्हणून आहे त्याला १९६७ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार. मी विचारलं बहिणाबाईंची बोली कुठली ते त्यात आहे का, सर म्हणाले ते मला आठवत नाही, पण तू ज्या पद्धतीने विचारतोयस ना ती पद्धत सुधारेल. तेव्हा जरा टोचलं. पुस्तक मात्र त्यांनीच वाचनालयातून त्यांच्या कार्डावर काढून दिलं. मागच्या चिठ्ठीवर शेवटचा तारखेचा शिक्का इतका जुना होता की तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं.

'ध्वनिविचार' मी दुकानात बसून वाचलं, दोन गिऱ्हाइकांच्या मधे अर्धं अर्धं पान. आणि खरं सांगतो, मला वाटलं होतं जड जाईल, पण हे तर शरीराचं पुस्तक निघालं. जीभ कुठे, ओठ कसे, हवा कुठून, घसा थरथरतो का नाही. ते वाचताना माझं लक्ष ळ वर गेलं. आमच्याकडे ळ चा य होतो हे आम्हाला लहानपणापासून माहिती, कारण शाळेत त्याच्यावरच मार खाल्लाय. डोळा म्हंजे डोया, शाळा म्हंजे शाया, आणि अख्खं जळगाव जयगाव. मास्तर म्हणायचे जीभ जड आहे तुमची. त्या रात्री शटर अर्धं ओढून, दुकानात आरसा नाही म्हणून पोरीचा छोटा आरसा आणि मोबाईलची बॅटरी घेऊन मी स्वतःच्या तोंडात बघत होतो. ळ म्हणा, जिभेचं टोक मागे वळतं, टाळूला टेकतं आणि हवा दोन्ही बाजूंनी निघते. आता य म्हणा. टोक खालीच पडून राहतं, जिभेचा मधला भाग वर येतो पण कुठे टेकत नाही. म्हंजे आम्ही काय करतो, टेकवणं सोडून देतो, बस. जीभ जड बिड काही नाही. बायको डबा घेऊन आली तर मी तोंड उघडून ळ य ळ य करत बसलेला, ती म्हणे दात दुखतोय का.

आणि मग डोक्यात लखकन आलं, 'वढाय'. चाळीस वर्षं ऐकतोय गाणं, वढाय म्हंजे काहीतरी ओढणारं असं मोघम वाटायचं. ते ओढाळ आहे! ओढाळ ढोर, जे दावं तोडून दुसऱ्याच्या उभ्या पिकात घुसतं ते. ळ गेला, य आला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७ ची) मोबाईलवर फुकट शोधता येतो, त्यात शब्द बघायची सवय मला इथूनच लागली. लगेच कंपनीवाल्याला फोन केला, तो म्हणे हे तर आम्हाला माहितीच हाये भाऊ. बाबांना सांगितलं, ते म्हणे मंग, ळ ना य आम्हीच करतस, म्हंजे अहिराणीच. कंपनीवाला म्हणे आम्हीपण करतो. वऱ्हाडात पण करतात. म्हंजे ळ वरून निकाल लागत नाही एवढं कळलं, पण पुढे काय वाचायचं ते कळेना.

इथे मी एक मूर्खपणा केला. माझा भाचा हैदराबादला आयटीत आहे, त्याला सांगितलं की भाषाशास्त्राची चांगली पुस्तकं सांग. त्याने रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर चाळीस नावांची यादी टाकली, त्यातल्या किती त्याने स्वतः वाचल्या ते मी विचारलं नाही. सगळी इंग्रजी. मी चिकाटीने पहिलं उघडलं, सोस्यूर नावाच्या स्विस भाषाशास्त्रज्ञाचं, १९१६ चं, आणि हे कळलं की त्या माणसाने हे पुस्तक लिहिलंच नाही, तो गेल्यावर दुसऱ्यांनी त्याच्या लेक्चरच्या वह्यांवरून तयार केलं. हे मला फार आवडलं, आमच्या कीर्तनकारांसारखं. पुस्तकातलं मात्र दहातलं तीन कळलं. शब्द आणि वस्तू यांचं नातं ठरवून दिलेलं, तसं असायला आतून काही कारण नाही, हे कळलं. एकच अळी, प्रत्येक गावाला तिचं नाव वेगळं, आणि गिऱ्हाईक आपलं नाव सांगून औषध मागतं, म्हंजे हे मला सोस्यूरच्या आधीपासून भोगून माहिती होतं.

मग चॉम्स्की या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाचं, १९५७ चं. पंधराव्या पानाच्या आसपास ते प्रसिद्ध वाक्य आलं, बिनरंगी हिरव्या कल्पना रागारागाने झोपतात. म्हंजे वाक्याला अर्थ नाही पण व्याकरण बरोबर आहे, हे दाखवायला. मी आमच्या दुकानातल्या पोऱ्याला हे वाक्य मराठीत वाचून दाखवलं, तो म्हणे शेठ, पहाटे फवारणी करून आलेला माणूस असाच झोपतो. त्यापुढे बाणांचे आणि चिन्हांचे फॉर्म्युले सुरू झाले आणि मी ते मिटलं, अजून मिटलेलंच आहे. वाईट असेल असं नाही, माझा प्रश्न तो नव्हता.

यादीतलं एकच मनाला लागलं ते लाबोव्ह नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाचं. तेही पुस्तक नाही, लेख, १९६३ चा. अमेरिकेत मार्थाज व्हिनयार्ड म्हणून बेट आहे, तिथे उन्हाळ्यात बाहेरचे श्रीमंत लोक येऊन राहतात, बेटावरचे मूळ लोक मासेमारी करणारे. या माणसाने ६९ लोकांच्या मुलाखती घेतल्या, वरकरणी गप्पा, पण कान फक्त दोन स्वरांवर, राइट आणि हाउस मधले. तर त्याला असं दिसलं की जे बेटावरच राहणार, ज्यांना बेटाचा अभिमान आहे आणि बाहेरच्यांचा राग आहे, ते तो स्वर जास्त जुन्या ढंगाने काढतात, आणि ज्यांना बेट सोडून जायचंय ते कमी. कोणी ठरवून करत नाही, आपोआप.

हा लेख मी तीनदा वाचला, डिक्शनरी शेजारी ठेवून. कारण मला आमच्या गावची पोरं दिसायला लागली. पुण्याला कंपनीत लागलेलं पोरगं दिवाळीत येतं आणि दुकानात 'काका, कसे आहात' म्हणतं, त्याच्या बापाला सुद्धा अवघडल्यासारखं होतं. आणि दुसरं एक, तेही पुण्याला चार वर्षं होतं, नोकरी सोडून आलं, आता केळी लावतं, ते पुण्याला जायच्या आधीपेक्षाही घट्ट अहिराणी बोलतं, जे शब्द त्याची आजीसुद्धा वापरत नाही ते शब्द काढतं. आधी मला वाटायचं नाटक करतोय. आता तसं म्हणवत नाही.

पण भरीत पार्टीचा प्रश्न होता तिथेच. नोव्हेंबर लागला, वांगी यायला लागली, बाबा रोज विचारायचे, "सापडनं का पुस्तकमा?"

शेवटी बायको म्हणाली, माझ्या बहिणीची पोरगी पुण्याला भाषाशास्त्रातच एमए करतेय, तिला का नाही विचारत. मला हे माहितीच नव्हतं, आमच्या साडूंनी सगळ्यांना 'मराठीत एमए' असं सांगून ठेवलं होतं, कारण भाषाशास्त्र म्हटलं की लोक विचारतात म्हंजे काय करणार पुढे. मी तिला मेसेज केला, बेटा भाषाशास्त्रावरची चांगली पुस्तकं सुचव. तिचा उलटा मेसेज, "काका, नेमकं कशाबद्दल? आवाज, शब्द, वाक्य, इतिहास, समाज, बोली, कोश? आणि कशासाठी हवंय?" मला क्षणभर राग आला, मागितलं काय आणि ही चौकशी काय. मग वाटलं, गिऱ्हाईक येऊन 'पिकावर मारायचं चांगलं औषध द्या' म्हणतं तेव्हा मी काय करतो? पीक कुठलं, किती दिवसांचं, पान वरून पिवळं का खालून, हेच विचारतो ना. मग सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकला, झडी, रिंगटोन, बाबा, कंपनीवाला, भरीत, सगळं. तिने हसण्याचे चेहरे टाकले आणि म्हणाली, आता कसं कळलं.

तिने चारच गोष्टी सांगितल्या, आणि त्या ज्या क्रमाने सांगितल्या त्याच क्रमाने वाचा असं बजावलं.

आधी मिलिंद मालशे यांचं 'आधुनिक भाषाविज्ञान', मराठीत आहे, शिकवण्यासाठी लिहिलेलं आहे, त्यातून शब्दांची ओळख होईल. हे मी मागवलं, सरळ आहे, पण एका दमात वाचायचं नाही, आमच्या लेबलवरच्या डोससारखं थोडं थोडं घ्यायचं. सोस्यूरमधलं दहातलं जे सात कळलं नव्हतं त्यातलं चार इथे कळलं. मग डेक्कन कॉलेजने केलेलं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण, ते इंटरनेटवर आहे, गावोगावच्या लोकांचं रेकॉर्डिंग ऐकता येतं. हे पुस्तक नाही पण पुस्तकापेक्षा भारी, रात्री जेवण झाल्यावर मी आणि बायको कोण कुठलं ते ओळखायचा खेळ खेळायचो, ती जिंकायची. मग डॉ. रमेश सूर्यवंशींचा अहिराणी-मराठी शब्दकोश. आणि शेवटी ग्रिअर्सन.

ग्रिअर्सनबद्दल जरा सविस्तर सांगतो. जॉर्ज ग्रिअर्सन हा इंग्रज काळातला आयसीएस अधिकारी, त्याने अख्ख्या हिंदुस्थानच्या भाषांची पाहणी केली, तिचे खंड १९०३ ते १९२८ असे पंचवीस वर्षं निघत होते. मराठीचा खंड सातवा. मी साहजिकच सातवा डाउनलोड केला, मोबाईलचा डेटा संपला, आणि आत अहिराणी सापडेना. पुण्याच्या पोरीला फोन केला तर ती म्हणे, काका सातव्यात नाहीये, नववा खंड, भाग तीन. तो भाग कशाचा तर भिली भाषा आणि खान्देशी. १९०७ चा. म्हंजे पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश असे दोन जिल्हे होऊन वर्षच झालेलं, आणि या माणसाने आमची बोली मराठीच्या कपाटातून काढून भिली-गुजरातीच्या कपाटात ठेवलेली. बाबांना हे सांगितलं तर त्यांना कळेना की हा मान झाला का अपमान.

त्याची पद्धत अशी की बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट, बापाला दोन मुलगे, धाकटा आपला वाटा घेऊन जातो, उडवतो आणि परत येतो, ती गोष्ट प्रत्येक बोलीत करून घ्यायची. सगळीकडे तीच गोष्ट, म्हंजे शेजारी शेजारी ठेवून बघता येतं कोण काय म्हणतं. मला हे फार हुशारीचं वाटलं, आम्ही पण वाण तपासायला एकाच शेतात सगळे वाण लावतो. रविवारी दुपारी आईला खान्देशीतली गोष्ट वाचून दाखवली, रोमन अक्षरांतली, अडखळत अडखळत. आई तांदूळ निवडत होती. पहिल्या दोन ओळी ऐकल्या आणि म्हणे, "तू वाची ऱ्हायना का मन्ही नक्कल करी ऱ्हायना?" मी म्हटलं आई, हे सव्वाशे वर्षांपूर्वीचं पुस्तक आहे, इंग्रजाने छापलेलं. ती थांबलीच. मग म्हणे पुढे वाच. मधेच दोनदा म्हणाली, असं कोणी बोलत नाही, हे कोणीतरी शिकलेल्या माणसाने सांगितलेलं आहे. मी हे पुण्याला कळवलं तर पोरगी म्हणाली आजीचं बरोबर आहे, हे नमुने सरकारी अधिकाऱ्यांमार्फत गोळा केलेले, आणि ठरवून दिलेल्या गोष्टीचं भाषांतर आहे, त्यामुळे माणूस मोकळं बोलतो तसं ते नसतं, जपून वाचायचं. ज्याला पीअर रिव्ह्यू (जाणकाराने केलेली तपासणी) म्हणतात तो माझ्या आईला तांदूळ निवडता निवडता येतो हे मला तेव्हा कळलं.

आणि निकालही तिथेच सापडला. ग्रिअर्सन शब्द मोजत बसत नाही, तो विभक्ती आणि क्रियापदं बघतो. शब्द काय, आज इकडून आला उद्या तिकडे गेला, ट्रॅक्टर सगळ्यांचाच ट्रॅक्टर. पण आहे ला काय म्हणता आणि चा-ची-चे ला काय म्हणता हे सहजी बदलत नाही. आमच्या अहिराणीत आहे ला शे. गुजरातीत छे. छ चा स-श होणं आपल्याकडे जुनंच आहे, हिंदीतली छुरी मराठीत सुरी झाली तसं. झूल ब्लॉक या फ्रेंच माणसाने मराठीच्या इतिहासावर शंभर वर्षांपूर्वी पुस्तक लिहिलंय, वा. गो. परांजप्यांनी मराठीत आणलेलं, रिटायर सरांकडे होतं, त्यात हे सगळं आवाज कसे बदलत गेले ते येतं. वाचायला कोरडं, पण ज्याला चटक लागली त्याला लागली. आणि चा-ची-चे ला आमच्यात ना-नी-नं. त्याना, तिनी, घरनं. तेही गुजरातीच्या नो-नी-नुं सारखं. करतो ला करस.

मग मी बहिणाबाईंची कविता काढली. खोप्याची, जी चौथी-पाचवीपासून सगळ्यांना पाठ. आणि एका वहीच्या पानावर, मागच्या बाजूला कोणाची तरी १०:२६:२६ ची दोन पोती लिहिलेली, तिथे मी लिहीत गेलो. 'सुगरणीचा'. सुगरणीचा! अहिराणी असती तर 'सुगरणना' असतं. 'मन वढाय' मधलं 'पिकातलं' पण तसंच. आणि शोधून शोधून थकलो, मला जेवढ्या कविता पाठ आहेत त्यात एकदाही शे नाही, करस नाही. शब्द आमचे, ळ चा य आमच्यासारखा, पण हाडं वेगळी. कंपनीवाला बरोबर होता. खरं सांगू का, मला वाईट वाटलं. मी मनातून बाबांच्या बाजूने होतो.

या सगळ्या भानगडीत दोन गोष्टी अशा वाचनात आल्या की ज्या मी शोधतच नव्हतो. एक म्हंजे नेटवर जळगाव आणि भाषा असं टाकलं की सारखं जळगाव जामोद यायचं, बुलढाण्याचं. मी वैतागून पुढे ढकलायचो. एक दिवस वाचलं, तर तिकडे निहाली म्हणून एक भाषा बोलतात, बोलणारे दोन-अडीच हजार, आणि तिचं जगातल्या कुठल्याच भाषेशी नातं लागत नाही. मराठीशी नाही, कानडी-तेलुगूच्या घराण्याशी नाही, आमच्या सातपुड्यातल्या कोरकूच्या घराण्याशीही नाही. शब्द सगळ्यांकडून घेतलेले पण मूळ एकटं. कैपर नावाच्या डच माणसाने तिच्यावर १९६२ मध्ये पुस्तक काढलंय. आमच्यापासून काही तासांच्या रस्त्यावर ही भाषा बसलीय आणि मी तिकडच्या डीलरशी दहा वर्षं फोनवर बोलतोय, त्याने कधी नाव काढलं नाही. त्याला विचारलं तर म्हणे हो, आहेत ना ते लोक, येतात दुकानात. बस, एवढंच.

दुसरी गोष्ट कुपवाडची. सांगली जिल्ह्यातलं कुपवाड. गम्पर्झ आणि विल्सन या दोन अभ्यासकांचा १९७१ चा लेख, पुण्याच्या पोरीनेच पाठवला, 'काका हे तुमच्या काउंटरबद्दल आहे' असं लिहून. त्या गावात कानडी, मराठी, उर्दू बोलणारे पिढ्यान् पिढ्या शेजारी, आणि बोलून बोलून तिन्ही भाषांचं व्याकरण इतकं एकसारखं झालं की वाक्य तेच राहतं, फक्त शब्द काढून दुसऱ्या भाषेचे बसवायचे. घरी आपापली भाषा कोणी सोडली नाही, पण वाक्याचा साचा एकच. मी दुसऱ्या दिवशी काउंटरवर कान लावून बसलो. सातपुड्यातून पावरा लोक येतात, ते आपसात पावरी, माझ्याशी अहिराणीवजा हिंदी, गुजर शेतकरी घरची गुजरी, मुनीम मारवाडी बोलतो फोनवर. काही ऐकू आलं का? खरं सांगायचं तर गिऱ्हाइकाने दोनदा विचारलं, शेठ, तब्येत बरी आहे ना, असं काय बघताय तोंडाकडे. ते काम शिकलेल्या माणसाचं आहे.

मधे एकदा धुळ्याला लायसन्सच्या कामाला गेलो, काम झालं नाही, साहेब मीटिंगला, तीन तास मोकळे. म्हणून राजवाडे संशोधन मंडळात गेलो. राजवाडे म्हंजे इतिहासाचे, कागदपत्रं गोळा करणारे, एवढंच शाळेत शिकलेलो. ते १९२६ मध्ये धुळ्यातच गेले. पण त्यांनी ज्ञानेश्वरीतल्या मराठीचं व्याकरण लिहिलंय, धातूंचा कोश जमवलाय, हे तिथे कळलं. इतकी वर्षं धुळ्याला जातोय, नुसतं बसस्टँड आणि कृषी अधीक्षकांचं ऑफिस.

एक प्रश्न मी पोरीला शेवटी विचारलाच, की मग अहिराणी ही भाषा का बोली, एकदा काय ते सांगून टाक. ती म्हणे भाषाशास्त्रात याचं मोजमाप नाही काका, ते सरकार आणि माणसं ठरवतात. २०११ च्या जनगणनेत खान्देशी मराठीच्या पोटात मोजलेली नाही, वेगळी मोजलीय, साधारण १८ लाख ६० हजार लोक, त्यात अहिराणीच सगळ्यात जास्त. आणि ज्यांनी घरी अहिराणी बोलून फॉर्मवर मराठी सांगितलं ते वेगळेच. आमच्या घरी मीच मराठी सांगितलं होतं. विचारणारा शाळेतला मास्तर होता, जीभ आपोआप वळली.

असो. पार्टी जानेवारीत झाली. बाबांच्या शेतात, वांगी खास आसोद्याची, कंपनीवाल्याने डिक्कीत घालून आणलेली, म्हणे बहिणाबाईच्या माहेरची पाहिजेत. कपाशीच्या काड्यांवर भाजली, मिरच्या पण त्यातच भाजल्या, आणि लाकडी मुसळीने ठेचायला घेतली तेव्हा मी वही काढली. सगळं सांगितलं, शे, करस, ना-नी-नं, सुगरणीचा. पोरीने सांगितलं होतं त्याप्रमाणे हळू आणि उदाहरणं देऊन. कंपनीवाला पाय लांब करून बसला होता. बाबा ठेचता ठेचता ऐकत होते, काही बोलेनात. मला वाटलं दुखावले.

मग म्हणे, "ती कविता पुढे म्हण."

मी म्हटलं, खोपा, सुगरणीचा चांगला, पिल्लांसाठी झोका...

"कथा टांगा?"

"झाडाले टांगला."

"झाडाले," बाबा म्हणे. "झाडाला नही. मंग हाऊ 'ले' कोना शे?"

कंपनीवाला म्हणे, आमचा. बाबा म्हणे, आम्हना. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी वही उघडली, बंद केली, खिशातून फोन काढला, शेतात रेंज नव्हती.

"पुस्तकात पाहून..."

"पहिले भरीत खाई ले," बाबा म्हणे, "थंड व्हई जाई."